लाकडी ट्रॉलरला फिशफाइंडरचा ट्रान्सड्यूसर नक्की कुठे बसवावा?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: मढची ४५ फुटी लाकडी ट्रॉलर, वरून फायबर मारलेलं, एकच इंजिन, केबिन मागे. मशीन, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या परतीवरून तळ आणि मासळी दाखवणारं फिशफाइंडर, ५०/२०० किलोहर्ट्झचं, म्हणजे त्या दोन कंपनसंख्यांच्या आवाजांवर चालणारं. ट्रान्सड्यूसर म्हणजे त्याचा बुडाला बसणारा, आवाज सोडणारा आणि परत ऐकणारा भाग. वायरमन म्हणतो मागे पंख्याजवळ (प्रोपेलरजवळ) बसवू, केबल पुरेल. भाऊ म्हणतो बुडाला भोक कशाला, आतूनच चिकटवू.

मी बोटींवर जीपीएस, वायरलेस आणि ही मशीनं बसवायची कामं करतो. दोघांचंही ऐकू नका.

भावाचं आधी सांगतो, कारण ते लवकर संपतं. आतून चिकटवलेला ट्रान्सड्यूसर भरीव फायबरच्या बोटीत चालतो. तुमच्या फायबरखाली लाकडाची फळी आहे, आणि लाकूड तो आवाज पार जाऊ देत नाही. भोक पाडावंच लागेल.

वायरमनने बहुधा यूट्यूबवर बघितलं असणार. तिथे दिसतात त्या आउटबोर्डच्या छोट्या बोटी. वेगात गेल्या की त्यांचं पुढचं अंग पाण्यावर उचललं जातं, पाण्यात राहतो तो फक्त मागचा भाग, म्हणून त्यांचा ट्रान्सड्यूसर मागे. तुमची ट्रॉलर सात-आठ नॉटने पोट पाण्यात ठेवूनच चालणार. तिच्या मागच्या भागात पंख्याने घुसळलेलं पाणी आणि बुडाखालून घसरत आलेले बुडबुडे असतात. या कामात खरा शत्रू हवाच. आवाज पाण्यातून सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, पण हवेचा पातळ थर आडवा आला तरी तिथूनच परत फिरतो. मग स्क्रीनवर वरच्या बाजूला नुसता कचरा, आणि तळाची रेघ गायब.

तुमच्यासारख्या बोटींना सर्वमान्य नियम असा: पाण्यातल्या लांबीच्या, नाळेकडून (बोटीच्या पुढच्या टोकाकडून) मोजून, एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंतची जागा. पाण्यातली लांबी ४० फूट धरली तर नाळेपासून साधारण १३ ते २० फूट. त्याच्याही पुढे जाऊ नका. नाळ लाटेवर आपटते तेव्हा हवा तिथूनच बुडाखाली शिरते, आणि खवळलेल्या पाण्यात तो भाग वर उचललाही जातो.

आता खरी पंचाईत. आपल्या ट्रॉलरवर या १३ ते २० फुटांत येतो मासळी-बर्फाचा खण. आत इन्सुलेशन, त्यावर फायबर, त्यावर टनभर बर्फ. ट्रान्सड्यूसरचा नट तिथे पुरला तर सीझनमध्ये गळती लागली तरी हात पोचायचा नाही. खणाच्या पुढे कोरडा कप्पा असेल आणि तो १३ फुटांच्या आसपास संपत असेल, तर त्याच्या मागच्या टोकाला बसवा, प्रश्न मिटला. नसेल तर मी इंजिनरूमच्या अगदी पुढच्या भिंतीलगतची जागा घेईन. पुस्तकातल्या जागेपेक्षा थोडी मागे, पण पंख्यापासून बरीच पुढे, आणि नट डोळ्यांसमोर. खण फोडून ‘आदर्श’ जागा गाठण्यात अर्थ नाही.

बोट आत्ता शाकारलेली, म्हणजे किनाऱ्यावर ओढून ठेवलेली आहे म्हणता, मग एक काम आजच करा. ठरवलेल्या जागेपासून नाळेपर्यंत बुडावरून हात फिरवत जा. त्या रेषेत पुढे कूलिंगचा पाइप, पाणी ओढायचं भोक, झिंकची पट्टी, बोल्टचं डोकं, फळीचा उंचवटा, काही म्हणता काही नको. त्यातल्या प्रत्येकामागे बुडबुड्यांची शेपूट तयार होते. पठाणापासूनही (बुडाच्या मधोमध असलेल्या कण्याच्या लाकडापासूनही) थोडं अंतर ठेवा, नाहीतर एका बाजूचा आवाज तोच अडवतो.

डावी की उजवी? मागून बघताना पंखा घड्याळाच्या काट्यासारखा फिरत असेल तर पाती खाली जातात ती उजवी बाजू बरी, असं सांगतात. पंख्याच्या जवळ बसवणाऱ्यांसाठी ते ठीक. तुम्ही इतके पुढे असाल तर मी बाजू चिखलावरून ठरवेन. आपल्याकडे उधाणात भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, खाडीत बोट चिखलावर बसते आणि कलते. तुमची नेहमी कुठे कलते ते तांडेलाला (बोट चालवणाऱ्या प्रमुखाला) विचारा आणि दुसरी बाजू घ्या. बोट किनाऱ्यावर ओढताना खालचे ओंडके कुठे येतात तेही बघून ठेवा.

बुडाला उतार असतोच, त्यामुळे ट्रान्सड्यूसरचं तोंड सरळ खाली राहील असा, उताराच्या कोनात कापलेला ठोकळा लागेल. सुताराला आळस करू देऊ नका. दहा अंशांचा कल राहिला तर ३० मीटर पाण्यात तुम्ही बोटीखालचं नाही, पाच मीटर बाजूचं बघत असता. २०० किलोहर्ट्झचा झोत अरुंद, १२ अंशांचा असेल तर ३० मीटरला जेमतेम सहा मीटर व्यासाचा. तिथे हा कल फारच महागात पडतो. खाली घोळ मासळी असेल तर तिच्या भोतामुळे, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे, खूण ठसठशीत उमटते, पण ती झोतात तर यायला हवी.

लाकडी बुडाला ट्रान्सड्यूसर ब्राँझचाच घ्या. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि प्लास्टिकची बॉडी तडकू शकते. भोकाच्या उघड्या लाकडाला आधी इपॉक्सी, मग मरीन सीलंट. नट आधी बेताचाच आवळा आणि लाकूड फुगल्यावर पक्का करा. बोट पाण्यात उतरवली की पहिला दिवस-रात्र कोणीतरी आत बघत राहायला हवं. ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर तांबं असलेला रंग मारू नका, पाण्यावर आधारलेला अँटिफाउलिंग (शेवाळ-शिंपले धरू न देणारा रंग) चालतो.

केबल कापून जोड देऊ नका. कमी पडली तर कंपनीची एक्स्टेंशन घ्या आणि तिचा जोड कोरड्या जागी ठेवा. अल्टरनेटर, इन्व्हर्टर आणि वायरलेसच्या तारांपासून ती वेगळ्या वाटेने न्या.

चाचणी अशी: आधी इंजिन बंद ठेवून तळ बघा, मग इंजिन चालू पण बोट उभी, मग हळूहळू वेग वाढवा. इंजिन लावताच उभ्या बोटीतही स्क्रीन खराब झाली तर दोष तारांचा. ठरावीक वेगाला तळाची रेघ तुटायला लागली तर बुडबुड्यांचा. तेव्हा मशीनची सेटिंग पिळत बसू नका, ठोकळ्याचं पुढचं टोक गोलसर केलंय का ते बघा.