चष्मा लावला की ऐकू येतं?

प्रश्न : माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. हल्ली त्यांना थोडं कमी ऐकू येतं. आपण काही सांगायला गेलो की म्हणतात, "थांब गं, चष्मा लावू दे, मग सांग." घरात सगळे हसतात. चष्म्याचा आणि कानाचा खरंच काही संबंध आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी घरातलं ते हसणं थांबवा. सासूबाई खरं तेच सांगताहेत.

मी २६ वर्षं कर्णबधिर मुलांना शिकवलं. पहिल्याच वर्षी फळ्यावर लिहिता लिहिता, पाठमोरी बोलत होते. एक मुलगी उठली, जवळ आली आणि माझी हनुवटी धरून तिनं माझा चेहरा वर्गाकडे वळवला. तेव्हापासून पाठमोरी कधी बोलले नाही.

आरशासमोर उभ्या राहा आणि आवाज न काढता 'पळ, बळ, मळ' म्हणा. तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात. डोळ्यांना फरक कळत नाही, तो कानच सांगतो. आता 'माळ' आणि 'नाळ' म्हणा. मिक्सर चालू असताना किंवा फोनवर हे दोन शब्द हमखास एकमेकांत मिसळतात, म्हणून तर आपण 'म मगरीचा, न नळाचा' असं सांगतो. समोर चेहरा असला की ती गरजच नाही. 'म'ला ओठ मिटतात, 'न'ला नाही. शाळेत आपण ओष्ठ्य, दंत्य, कंठ्य अशी वर्णांची उच्चारस्थानं पाठ केली होती. गोंगाटात आधी हरवतं ते नेमकं हे स्थान, आणि ते ओठांवर असेल तर डोळे ते टिपतात. 'क', 'ग' मात्र घशाकडे होतात, तिथं डोळ्यांचं फारसं चालत नाही.

हे फक्त कमी ऐकू येणाऱ्यांचं नाही. सम्बी आणि पोलॅक या अमेरिकी संशोधकांनी १९५४ मध्येच दाखवलं होतं, की गोंगाट जितका जास्त, तितका बोलणाऱ्याचा चेहरा दिसण्याचा उपयोग जास्त. १९७६ मध्ये इंग्लंडमध्ये हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड यांनी आणखी नवलाची गोष्ट मांडली. आवाज 'बा-बा'चा आणि पडद्यावरचे ओठ 'गा-गा' म्हणणारे, असं दाखवलं तर बहुतेकांना 'डा-डा' ऐकू येतं, म्हणजे कानावर न पडलेलं आणि ओठांवर नसलेलं तिसरंच काहीतरी. डोळे मिटले की पुन्हा 'बा-बा'. गंमत ठाऊक असली तरी कान फसतोच. मेंदू दोन्हीकडची बातमी एकत्र करतो आणि मगच आपल्याला 'ऐकू' येतं.

कोरोनाच्या काळात मास्क आले, तेव्हा कितीतरी घरांत आजी-आजोबांना 'एकदम ऐकू येईनासं झालं'. मास्कनं आवाज थोडा दबला होता हे खरं, पण ओठही झाकले गेले होते.

तेव्हा सासूबाईंशी समोर बसून बोला, स्वयंपाकघरातून हाक मारून नव्हे. खिडकीकडे पाठ करू नका, चेहरा अंधारात जातो. ओरडू तर मुळीच नका. ओरडताना ओठांची ठेवण बिघडते. थोडं सावकाश बोला, पुरे.

आणि कान तपासून घ्याच. चष्मा कानाला मदत करतो, कानाची जागा घेत नाही. गरज निघाली तर यंत्र लावायला उशीर नको. तोवर चष्म्याला एक दोरी बांधून गळ्यात अडकवून द्या, म्हणजे दर वेळी शोधावा लागणार नाही.