माळाची माती, कुरणाची माती
वाचकांचे प्रश्न

भूगोलाच्या पुस्तकात गवताळ प्रदेशातली माती जगातल्या सर्वांत सुपीक मातींपैकी एक म्हटली आहे. सिन्नरच्या पूर्वेचा माळही गवताळच. मग तिथे बाजरीसुद्धा धड का येत नाही?
– विद्यार्थिनी, सिन्नर

पुस्तक बरोबर आहे आणि तुमचे निरीक्षणही. घोटाळा ‘गवताळ’ या शब्दाने केला आहे. कझाकस्तान, मंगोलिया किंवा अमेरिकेच्या पश्चिम मैदानांत गवताने माती घडवली. आपल्या माळावर माती उथळ, तिथे मोठे झाड तग धरत नाही, म्हणून गवत उरले. दोन्हीकडे दिसते गवतच, पण कार्यकारण उलटे आहे.

स्टेपच्या, म्हणजे कझाकस्तान-मंगोलियाकडच्या विस्तीर्ण गवताळ मैदानांच्या, कोरड्या भागात वर्षाला साधारण २०० ते ४०० मिमी पाऊस आणि बर्फ पडते. खाली बऱ्याच ठिकाणी वाऱ्याने आणून टाकलेला बारीक, भुसभुशीत गाळ असतो. तिथल्या गवताचा मोठा हिस्सा जमिनीखाली असतो. मुळे जागच्या जागी मरतात, थंडीत माती गोठते, जिवाणूंचे काम थांबते आणि ह्यूमस, म्हणजे कुजलेल्या मुळांचा गडद अंश, साठत जातो. त्यामुळे वरचा थर गडद तपकिरी होतो. चेस्टनटच्या फळासारखा रंग म्हणून हिचे नाव कास्टानोझेम. एवढा पाऊस चुना पार धुऊन नेण्याइतका नसतो, त्यामुळे तो साधारण मीटरभराच्या आत पांढऱ्या थराच्या रूपाने अडकून राहतो. जिथे पाऊस थोडा जास्त, तिथे हीच माती आणखी काळी होते, ती चेर्नोझेम. १८८३ मध्ये रशियन मृदाशास्त्रज्ञ दोकुचायेव यांनी तिच्यावर ग्रंथ लिहिला, आणि मृदाशास्त्राची सुरुवात तिथूनच मानतात.

गंमत अशी, की आपल्या नाशिक जिल्ह्याच्या पूर्व तालुक्यांत पाऊस त्यांच्यापेक्षा जास्तच पडतो, साधारण ५०० ते ६०० मिमी. पण तो चार महिन्यांत, आणि त्यातही मोजक्या सरींत पडतो. २० सेंमी मुरमाड मातीत पिकाला मिळेल असे पाणी फार तर २० मिमी मावते. त्यात तिसरा हिस्सा खडे धरले तर १३-१४ मिमी. पिकाला रोज ५ मिमी लागले, तर तिसऱ्या दिवशी पाने माना टाकतात. बाजरी यामुळे जाते, मातीत अन्नद्रव्ये कमी आहेत हे त्याच्या नंतरचे कारण.

अमेरिकी मृदा वर्गीकरणातली नावे शेपटाकडून वाचायची. कोरड्या कुरणाची माती ‘उस्टॉल’: शेवटचा ‘ऑल’ म्हणजे मॉलिसॉल, गडद आणि मऊ थराची. तुमच्या माळाची ‘उस्टॉर्थेंट’: शेवटचा ‘एंट’ म्हणजे एंटिसॉल, जिच्यात अजून थरच पडलेले नाहीत. सुरुवातीचा ‘उस्ट’ दोन्हीत आहे, म्हणजे हंगामापुरती ओल. मॉलिसॉल भारतात नाहीतच असे मात्र नाही. उत्तराखंडच्या तराईत ती चांगलीच आहे.

आमची काळी माती म्हणजे भारतातली चेर्नोझेमच ना?
– वाचक, येवला

नाही. रंगाला भुलू नका. चेर्नोझेमचा काळेपणा भरपूर सेंद्रिय कर्बाचा, म्हणजे ह्यूमसमधल्या कर्बाचा असतो. आपली काळी बेसॉल्टपासून झालेली; तिच्यात फुगणारी चिकणमाती भरपूर असते आणि थोडासा ह्यूमसही त्या चिकणमातीशी घट्ट बांधला गेला की रंग गडद दिसतो. कर्ब बऱ्याचदा ०.६ टक्क्याच्याही खाली असतो. हिचा वर्ग व्हर्टिसॉल: चिकणमाती ३० टक्के किंवा जास्त, उन्हाळ्यात भेगा, आणि खाली तिरपे, घासून चकचकीत झालेले पृष्ठ. माती फुगताना तिची ढेकळे एकमेकांवर घसरतात त्याच्या त्या खुणा.

वाटणीत तीन एकर गवताची जमीन आली आहे. ती कोणत्या वर्गाची हे घरच्या घरी कसे ओळखावे?
– शेतकरी, नांदगाव

आधी एक गोष्ट लक्षात घ्या: तीन एकरांत माती एकच असेल असे धरू नका. टेकाडाच्या माथ्यावर एंटिसॉल, मधल्या उतारावर इन्सेप्टिसॉल (जिच्यात थर नुकते पडू लागले आहेत) आणि नाल्याकाठी व्हर्टिसॉल, हे सगळे दोन-तीनशे मीटरांत भेटते. म्हणून खड्डे तीन घ्या: माथ्यावर, मध्ये, खाली. बांध, झाड, जुना उकिरडा यांपासून लांब. जुन्या विहिरीची कड किंवा रस्त्याची कापलेली भिंत पाहून अंदाज बांधू नका. ती उन्हापावसाने बदललेली असते.

खड्डा मीटरभर रुंद, दीड मीटर लांब, आणि मीटरभर किंवा पहार टणकन वाजेपर्यंत खोल. एक भिंत उन्हाकडे ठेवा, तिच्यावर फावडे मारू नका, सुरीच्या टोकाने ती खरवडून ताजी करा.

खोली मोजताना मुरूम सुरू झाला तिथे थांबा. मुरूम म्हणजे माती नव्हे. २५ सेंमीपर्यंत अति उथळ, ५० पर्यंत उथळ, १०० च्या पुढे खोल. मग प्रत्येक थरातली माती २ मिमीच्या चाळणीतून काढा. आकारमानाने खडे ३५ टक्क्यांहून जास्त निघाले तर खोली कागदावर कितीही असो, पाणी धरण्याच्या बाबतीत ती बरीच कमी समजा. चाळलेली माती ओली करून अंगठा आणि तर्जनीत दाबत फीत काढा. २.५ सेंमीच्या आत तुटली तर पोयटा किंवा त्याहून हलकी, ५ सेंमीच्या वर टिकली तर चिकण. इथे चूक होते ती पाण्याची: माती चिखल झाली की कोणतीच फीत टिकत नाही. थेंबाथेंबाने पाणी घाला.

खाली थरात काहीच बदल नसेल, वरची माती थेट मुरमावर बसली असेल तर एंटिसॉल. मध्ये रंग बदललेला, ढेकळे बांधलेला थर दिसला तर इन्सेप्टिसॉल. भेगा आणि चकचकीत पृष्ठ दिसले तर व्हर्टिसॉल. हे पाहायला एप्रिल-मे चांगला.

गवतही साक्ष देते, पण उपसाक्षीदार म्हणून. मारवेल सहसा खोल, ओल धरणाऱ्या जागी, पवन्या उतारावर. सगळीकडे कुसळी माजली असेल तर तो दोष मातीपेक्षा अति चराईचा जास्त असतो.

४० सेंमीवर पांढरे खडे लागतात. डाळिंब लावावे का?
– शेतकरी, चांदवड

खड्यावर सौम्य, १० टक्क्यांचे हायड्रोक्लोरिक आम्ल दोन थेंब टाका (हातमोजे घालून). फसफसले तर चुनखड. मग खड्यांभोवतीच्या बारीक मातीवरही टाका. निर्णय तिच्यावर ठरतो. नुसते सुटे खडे असतील तर मुळे बाजूने वाट काढतात. बारीक मातीही जोरात फसफसत असेल तर मुक्त चुना तपासून घ्या. तो १० टक्क्यांच्या वर गेला की लोह अडकते आणि कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नमुना फक्त वरच्या २० सेंमीचा देऊ नका. फळझाडासाठी ०-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंमी असे वेगळे नमुने द्या, नाहीतर अहवाल छान येतो आणि बाग तिसऱ्या वर्षी पिवळी पडते.

तलावाचा गाळ टाकून माळाची माती सुधारेल का?
– वाचक, मनमाड

सुधारते, पण हिशेब आधी करा. एका एकरावर १० सेंमी थर म्हणजे सुमारे ४०० घनमीटर, म्हणजे १४० हून अधिक ब्रास. ५ सेंमी टाकला तरी ७० ब्रास. सामू आणि क्षारता आधी तपासा. खारट गाळ एकदा पसरला की काढता येत नाही. उतारावर बांधबंदिस्ती आधी, गाळ नंतर, नाहीतर पहिल्या पावसात तो खालच्या शेजाऱ्याच्या रानात जातो. आणि नुसता पसरून ठेवू नका: त्याची खपली धरते, पाणी वरून वाहते, खालचा मुरूम कोरडाच. उन्हाळ्यात ढेकळे फोडून कुळवाने वरच्या १५ सेंमीत मिसळा. माथ्यावरचा अति उथळ पट्टा मात्र त्यात धरू नका. तिथे पावसाळ्याच्या तोंडाशी समपातळीत चर काढून पवन्याचे बी टाकणे स्वस्त पडते. पहिला पावसाळा तिथे जनावर जाऊ देऊ नका.