जुने कॅसेटवाले टीव्ही गेम नव्या एलईडी टीव्हीवर पूर्वीसारखे कसे खेळता येतील?

आपण लिहिले आहे की माळ्यावरचा टीव्ही गेम काढून तो ४३ इंची एलईडी टीव्हीला पिवळ्या-पांढऱ्या पिनांच्या वायरने जोडला, तेव्हा मारिओ आडवा फुगलेला आणि धुरकट दिसला, शिवाय बटण दाबल्यावर त्याची उडी उशिरा पडू लागली. अमळनेरला माझ्या काकांचे टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. दुरुस्त झालेला संच गिऱ्हाइकाला देण्यापूर्वी तासभर चालवून पाहावा लागे आणि त्या तासात आम्हा चुलतभावांना टीव्ही गेम जोडण्याची परवानगी असे. त्यामुळे या विषयाकडे मी टीव्हीच्या बाजूनेच पाहत आलो आहे, आणि माझ्या मते आपल्या अडचणीचे मूळही गेममध्ये नसून टीव्हीतच आहे.

आपल्याकडचे बहुतेक कॅसेटवाले संच हे निन्टेन्डोने १९८३ साली जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉम या गेम संचाच्या नकला होत. त्यांचे मूळ चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचे असते. पिक्चर ट्यूबचा टीव्ही ते चित्र साठवून ठेवत नसे. सिग्नल येईल तसतशी ओळीमागून ओळ काचेवर उमटे. नवा टीव्ही मात्र आलेले चित्र आधी स्मृतीत घेतो आणि दूरदर्शनच्या जुन्या प्रक्षेपणासारखे ते एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या भागांत आले आहे असा चुकीचा समज करून लागोपाठची दोन चित्रे एकमेकांत मिसळतो. मग ते १०८० किंवा २१६० ओळींपर्यंत वाढवतो, त्याच्या कडा ठळक करतो आणि हे सारे झाल्यावर ते दाखवतो. सेकंदाला ५० चित्रे धरली तर एक चित्र २० मिलिसेकंदांचे होते, म्हणजे टीव्ही चार-पाच चित्रांनी जरी मागे राहिला तरी ८० ते १०० मिलिसेकंद जातात. कॉन्ट्रा या गोळीबाराच्या गेममध्ये समोरून येणारी गोळी चुकवण्यासाठी एवढा उशीर फार होतो. गोळ्या अधूनमधून अदृश्य होतात किंवा त्यांच्या कडा कंगव्यासारख्या दिसतात, त्याचेही कारण हेच मिसळणे आहे. गेम संचातील चित्र काढणाऱ्या चिपला एका ओळीत आठच हलत्या आकृती दाखवता येत असत, त्याहून अधिक झाल्या की गेम त्यांना आळीपाळीने दाखवत असे, आणि ही आळीपाळी नव्या टीव्हीला समजत नाही.

यावरचा पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू करावा, हालचाल गुळगुळीत करण्याची व चित्र स्वच्छ करण्याची सोय बंद करावी, शार्पनेस अगदी कमी ठेवावा आणि चित्राचा आकार ४:३ करावा. बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्याव्यात. बाजारात मिळणारा एव्हीचे एचडीएमआय करणारा स्वस्त डबा मात्र घेऊ नये, कारण तोही तीच चूक करतो आणि वर आपला उशीर वाढवतो. रेट्रोटिंकसारखी खास जुन्या गेमसाठी बनवलेली उपकरणे हा सिग्नल योग्य रीतीने ओळखतात. ती महाग असतात आणि बाहेरून मागवावी लागतात, म्हणून मूळ संचावरच खेळण्याची ओढ असेल तरच तो खर्च करावा.

बहुतेकांसाठी जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर इम्युलेटर, म्हणजे जुन्या गेम संचाची नक्कल करणारा प्रोग्राम, चालवणे अधिक सोयीचे ठरते. येथे ओळींचा हिशेब महत्त्वाचा आहे. २४० ची चौपट ९६०, म्हणून १०८० ओळींच्या पडद्यावर वर आणि खाली साठ-साठ ओळी मोकळ्या ठेवल्या तर प्रत्येक ठिपका सारख्या उंचीचा राहतो. फोर-के पडद्यावर २४० ची नऊपट बरोबर २१६० भरते. इम्युलेटर चालवणाऱ्या रेट्रोआर्क या प्रोग्राममध्ये पिक्चर ट्यूबचा आभास देणारे शेडर, म्हणजे चित्रावर चढवायचे परिणाम, आहेत, ते जरूर लावून पाहावेत. त्या काळचे कलाकार ट्यूबवर रंग एकमेकांत मिसळणार हे धरूनच चित्र रेखाटत असत. सेगा कंपनीच्या १९९१ च्या सॉनिक या गेममधील धबधबा नुसत्या उभ्या रेघांचा आहे, आणि एव्ही वायरच्या धुरकटपणामुळे त्याच रेघा पारदर्शक पाण्यासारख्या दिसत असत. रेट्रोआर्कमधील रन-अहेड ही सोय गेमच्या आतला एक-दोन चित्रांचा उशीरही काढून टाकते. रास्पबेरी पाय घेतल्यास आपल्या खानदेशच्या एप्रिल-मेमध्ये तो टीव्हीमागे कोंडून ठेवू नये, कारण चिपचे तापमान ८० अंशांवर गेले की तो आपणहून वेग कमी करतो.

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि जिच्याकडे इंग्रजी मार्गदर्शक क्वचितच लक्ष देतात, ती सांगतो. हे गेम जपान-अमेरिकेतील सेकंदाला ६० चित्रांच्या टीव्हीसाठी लिहिलेले होते, तर आपले टीव्ही पॅल पद्धतीचे, ५० चित्रांचे. पॅलसाठी बनवलेल्या नकली संचांवर गेम एक षष्ठांशाने संथ चालत असे. त्याचे संगीतही प्रत्येक चित्रागणिक पुढे सरकत असल्याने त्याची लयसुद्धा संथ होई. म्हणजे ज्यांच्या घरी असे संच होते, त्यांच्या बोटांना तीच गती माहीत आहे. मागच्या दिवाळीत मी चुलतभावाला लॅपटॉपवर कॉन्ट्रा लावून दिला, तर ज्या धबधब्याच्या टप्प्यावर तो लहानपणी कधी अडखळला नव्हता, तेथेच तो वारंवार पडू लागला. वय झाले असे तो म्हणाला. मी इम्युलेटरचा प्रदेश बदलून डेंडी केला (डेंडी म्हणजे १९९२ पासून रशियात विकली गेलेली अशीच ५० चित्रांची नक्कल, मेसेन आणि एफसीईयूएक्स या दोन्ही इम्युलेटरांत हा पर्याय आहे) आणि तो टप्पा त्याने एका दमात पार केला. मग लहानपणासारखेच “आते मनी बारी शे” (आता माझी पाळी) म्हणून मला त्याच्या हातून गेमचा रिमोट मागून घ्यावा लागला. हा पर्याय निवडताना लॅपटॉपची एचडीएमआय जोडणीही ५० हर्ट्झवर आणावी, अन्यथा ६० च्या पडद्यावर ५० चित्रे बसवताना चाल अडखळत दिसते. दोन्ही गती खेळून पाहाव्यात आणि जी हाताला ओळखीची वाटेल तीच ठेवावी.

कोनामीचा अधिकृत कॉन्ट्रा संग्रह २०१९ पासून पीसीवर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात मिळतो. विकत घेणे शक्य असेल तेथे तोच मार्ग धरावा.

बदकांवर नेम धरायची बंदूक माळ्यावर सापडली असेल, तर ती एलईडी टीव्हीवर चालणार नाही. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होऊन लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीच्या नळीतील डोळा तो प्रकाश ठरलेल्या क्षणी शोधतो. नवा टीव्ही तो क्षण गाठू शकत नाही. तिच्यासाठी पिक्चर ट्यूबच लागते. घरात किंवा नात्यात कुणाकडे चालू स्थितीतला डबा टीव्ही असेल, तर तो भंगारात देऊ नये. मात्र तो स्वतः उघडू नये, कारण रंगीत ट्यूबवर २० हजार व्होल्टहून अधिक दाब असतो आणि संच बंद केल्यानंतरही तो काही काळ टिकून राहतो. धूळ काढायची असली तरी जुन्या कारागिराकडूनच काढून घ्यावी.