निम्मी क्षमता कोळशाविना झाली, मग औष्णिक केंद्रं बंद का करत नाहीत?

तुमचे प्रश्न दोन आहेत. २०२५मध्ये देशाच्या स्थापित क्षमतेत सौर, पवन, जल आणि अणू मिळून निम्मा वाटा झाला, तरी कोळसा का जाळतात? आणि चेंबूरजवळचं ट्रॉम्बेचं केंद्र उद्या बंद केलं तर मुंबईचं काय होईल? माझी सगळी नोकरी औष्णिक केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये गेली, आता गोवंडीत राहतो. ट्रॉम्बेची चिमणी गच्चीवरून दिसते, त्यामुळे उत्तर द्यायचा मोह आवरला नाही.

गल्लत 'क्षमता' या शब्दात आहे. सोलर पार्कच्या पाटीवर ५०० मेगावॉट लिहिलेलं असलं, तरी वर्षाची सरासरी त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येते. म्हणून क्षमता निम्मी होऊनही देशात तयार होणाऱ्या दहा युनिटांतली सातएक कोळशाचीच असतात. ५०० मेगावॉटचा औष्णिक संच (बॉयलर, टर्बाइन आणि जनित्र मिळून एक) पूर्ण लोडवर चालला तर दिवसाला १ कोटी २० लाख युनिटं देतो. त्याला देशी कोळसा लागतो साडेसात-आठ हजार टन, म्हणजे दोन रेक, अख्ख्या दोन मालगाड्या. त्यातला तिसरा हिस्सा तर नुसती राख!

पण खरी गोष्ट संध्याकाळची आहे. दुपारी ऊन टिपेला असलं की लोड डिस्पॅच सेंटरचा, म्हणजे कुठल्या केंद्राने किती वीज बनवायची हे ठरवणाऱ्यांचा, फोन यायचा, 'बॅकडाउन करा,' वीज कमी करा. संच ५५ टक्क्यांपर्यंत उतरवायचा. त्याखाली गेलं की भट्टीतली ज्योत डळमळते, मग तेल मारून ती धरून ठेवावी लागते. ऊन कलायला लागलं की फोन उलटा, 'लोड उचला.' लगेच कोळसा दळणारी आणखी एक मिल चालू करायची, हवा वाढवायची, ड्रम लेव्हलवरून, म्हणजे बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याच्या पातळीवरून, नजर हटवायची नाही. इतकं करून लोड चढतो मिनिटाला एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे पाच मेगावॉट. पावसाळ्यात ओला कोळसा बंकरमध्ये, म्हणजे मिलच्या वरच्या कोठीत, अडकून बसायचा. खाली पोरं घण घेऊन बंकर ठोकत असायची आणि वर आम्ही त्यांच्या नावाने फोनवर ओरडत असायचो. तिकडे घरोघरी दिवे, पंखे, एसी सुरू झालेले. 'दुपारी बंद करा, संध्याकाळी चालू करा' असं सुचवणाऱ्यांना एवढंच सांगतो, की पूर्ण थंड पडलेला संच उभा करायला दहा-बारा तास जातात.

आणखी एक काम बिलावर दिसत नाही. ३१ डिसेंबर २०१३ला दक्षिणेचं ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, जोडलं गेलं आणि सारा देश एकाच ५० हर्ट्झच्या फ्रिक्वेन्सीवर (सेकंदाला ५० आवर्तनं) आला. कुठे एखादा मोठा संच ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, की फ्रिक्वेन्सी घसरते. अशा वेळी मिनिटाला ३००० फेरे घेणारे औष्णिक संचांचे हे अवजड रोटर, म्हणजे फिरणारे भाग, आपल्या गतीच्या जोरावर ती घसरण काही सेकंद थोपवतात. सोलर पॅनेलमध्ये फिरणारं काही नसतं.

आता मुंबई. आपली निम्म्याहून जास्त वीज बाहेरून येते. घरची केंद्रं म्हणजे आत ट्रॉम्बे, किनाऱ्याला डहाणू, सह्याद्रीत खोपोली, भिवपुरी आणि भिरा ही जलविद्युत केंद्रं. बाहेर बिघाड झाला की शहराने ग्रिडपासून तुटून या घरच्या विजेवर तगायचं, अशी 'आयलँडिंग'ची सोय १९८०च्या दशकापासून आहे. १२ ऑक्टोबर २०२०ला, सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास ती तोकडी पडली. बाहेरच्या वाहिन्या एकामागून एक गेल्या, आतली निर्मिती मागणीच्या मानाने कमी होती, आणि लोकलसकट सगळं ठप्प झालं. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एक आजोबा भाजीच्या पिशवीसकट अडकले होते. वॉचमनने हाताने दार उघडेपर्यंत मी बाहेरून त्यांना हेच आयलँडिंग समजावत होतो. त्यांचं एकच, 'ते राहू द्या, आधी दार उघडा.'

त्यानंतर २०२३मध्ये खारघर-विक्रोळी ४०० केव्ही वाहिनी सुरू झाली, बाहेरून वीज आणायची वाट रुंद झाली. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: ट्रॉम्बेचे कोळशाचे संच उद्या बंद झाले तर एरवीच्या दिवशी तुम्हाला कळणारही नाही. प्रश्न २०२०सारख्या दिवसाचा आहे. ते संच काढायला माझी हरकत नाही, चिमणीखाली राहणाऱ्याची कशाला असेल? पण संध्याकाळचे चार-पाच तास पेलेल एवढी बॅटरी आधी शहराच्या आत बसू दे. भिऱ्याला पाणी पुन्हा वर चढवून वीज साठवणारा १५० मेगावॉटचा संच आहेच, तसे आणखी हवेत. नुसती वाहिनी जाड करून भागणार नाही, कारण त्या सोमवारी वाहिन्याच गेल्या होत्या.