छोट्या अकूस्टिक बँडच्या कार्यक्रमात मेंबर्सची ओळख कधी आणि कोणी करून द्यावी?

मध्यात. सुरुवातीला नाही, आणि शेवटी तर अजिबात नाही.

तुम्ही लिहिलंय की चौघांचा बँड आहे, गाणी स्वतःची आहेत, पुण्यात पहिलाच तिकीट लावून कार्यक्रम करताय आणि ओळख गायकाने करून द्यावी की निवेदक आणावा हे ठरत नाहीये. निवेदकाचं नंतर बघू.

सुरुवातीला अर्धे लोक पार्किंग शोधत असतात. जे आत येऊन बसलेत त्यांनी तुमचं अजून काहीच ऐकलेलं नसतं, त्यामुळे नावं ऐकून त्यांनी करायचं काय? शेवटी का नाही, ते पुण्यात उघड्यावर वाजवलेल्या कुणालाही विचारा. रात्री दहाला स्पीकर बंद. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, आणि बारापर्यंतची सूट मिळते ती सरकारने ठरवलेल्या मोजक्या दिवसांना. तुमची तारीख त्यात बसणार नाही असंच धरून चाला. पावणेदहाला आयोजक बाजूला उभा राहून मनगटावर बोट आपटायला लागतो आणि तुमची दोन गाणी बाकी असतात. अशा वेळी कुणीही गाणं कापत नाही, ओळखच कापतात.

मी कहोन वाजवतो, म्हणजे ज्यावर बसून हाताने वाजवतात ते लाकडी खोकं. त्यामुळे कापलं जाणारं नाव बहुतेक वेळा माझंच. त्यामुळे या प्रश्नावर गप्प बसणं शक्य नव्हतं.

आमचाही बँड चौघांचाच. गिटार आणि गाणं एकाकडे, बासरी, बेस आणि मी. नावं इथे लिहीत नाही, सगळ्यांच्या नोकऱ्या आहेत. एका कोजागिरीला सिंहगड रोडच्या एका सोसायटीत आम्हाला बोलावलं होतं. सेक्रेटरींनी व्हॉट्सॲपवर ‘कलाकारांचा परिचय अर्धा पान’ असा निरोप पाठवला. तो आमच्या गायकाने लिहिला. गाणं कुणाकडे शिकला, कॉलेजात असताना कुठली बक्षिसं मिळाली, पहिली चाल कितव्या वर्षी लावली, सगळं अगदी तपशीलवार. शेवटी एक ओळ: ‘साथसंगत: बासरी, बेस, कहोन.’ माणसं नाहीतच, नुसती वाद्यं! सेक्रेटरींनी तो कागद मोठ्या प्रेमाने वाचला आणि कहोनचं ‘कोहिनूर’ केलं. त्यांची चूक नाही, समोर लिहिलं होतं तेवढंच त्यांनी वाचलं.

मग शेवटच्या गाण्याआधी गायकाने माइक घेतला. “हा आमचा बासरीवाला, हिंजवडीत टीम लीड आहे, सकाळी नऊला मीटिंग आहे तरी आलाय, जोरदार टाळ्या!” लोक हसले. “हा बेसवर, एरवी बँकेत लोकांची लोनं नाकारतो.” परत हशा. मग माझ्याकडे हात करून, “आणि हे आमचं खोकं. एकच आहे हं, पन्नास नाहीत!” त्या वर्षी ‘पन्नास खोके’ सगळ्यांच्याच तोंडात होतं, त्यामुळे हा विनोद सगळ्यात जास्त चालला. हसण्याच्या गडबडीत माझं नाव घ्यायचं राहून गेलं. तेवढ्यात मसाला दुधाचं पातेलं आलं आणि अर्धं पब्लिक कागदी ग्लास घेऊन रांगेत लागलं.

खरी गंमत त्यानंतरची. मी वायरी गुंडाळत होतो तर एक काकू दूध घेऊन आल्या. म्हणाल्या, “तुमचा तबला दुरुस्तीला टाकलाय का? खोक्यावर भागवत होतात म्हणून विचारलं.” टोमणा नव्हता, खरोखरची काळजी होती. मी कहोन आडवा करून दाखवला. पुढची फळी पातळ प्लायची, तिला तापा म्हणतात. आतून तिला तारा टेकवलेल्या असतात, म्हणून वरच्या कडेला चापट मारली की चर्रर्र वाजतं आणि मधोमध तळवा टाकला की धम्म. वरच्या कोपऱ्यातले स्क्रू जरा सैल केले की चापट आणखी खुलते. मागे भोक असतं, तिथून घुमारा बाहेर येतो. हे मूळचं पेरू देशातलं, गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांनी मालाच्या खोक्यांवर वाजवायला सुरुवात केली. स्पेनचा गिटारवादक पाको दे लुसिया याने सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिथे ते ऐकलं आणि फ्लेमेंकोत नेलं. पेरूने २००१ साली त्याला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, दोन चापट्या मारून पाहिल्या आणि म्हणाल्या, “मग हे स्टेजवर का नाही सांगितलंत?”

हेच मी परतताना गाडीत म्हणालो. गायकाचं उत्तर ठरलेलं होतं, “लोकांना हलकंफुलकं लागतं रे, नावं कुणाच्या लक्षात राहतात?”

सवाई गंधर्व महोत्सवाला जाऊन बस की मग. १९५३ पासून पुण्यात हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव चाललाय. आनंद देशमुखांचं निवेदन कान देऊन ऐक. मुख्य कलाकारासोबत तबला, हार्मोनियम यांची नावं येतातच, पण मागे तानपुरा घेऊन बसलेल्या शिष्यांचीही येतात, तीही आडनावासकट. पुण्यातल्या भल्याभल्या संगतकारांनी आयुष्यभर नोकऱ्या केल्यात, पण हार्मोनियमवाल्याची ओळख ‘एरवी बँकेत कॅशियर’ अशी करून दिलेली तिथे ऐकली आहेस कधी? नोकरी सांगितली की समोरच्याला एकच गोष्ट कळते, हे लोक हौशी आहेत. आणि मग कौतुकही हौशी मिळतं: “ऑफिस सांभाळून करता, छान छान.” स्वतःची ओळख करून देताना मात्र आमचा गायक आपण कुठल्या कंपनीत आहोत ते कधीच सांगत नाही, हे लक्षात घ्या.

तर तुमच्यासाठी. चौथ्या-पाचव्या गाण्यानंतर एखादं असं गाणं ठेवा, ज्यात प्रत्येकाचं वाद्य थोडं उघडं ऐकू येतं. ते संपवू नका. गिटारने दोन कॉर्ड्सचं आवर्तन चालू ठेवायचं, आवाज निम्म्यावर आणायचा आणि त्यावर बोलायचं. आधी वाजवू द्या, मग नाव घ्या. बासरीने चार मात्रांची फिरकी घेतली की लगेच नाव, पूर्ण, स्पष्ट. नंतर एकच वाक्य, आणि ते आजच्या कार्यक्रमातलं हवं. ‘आत्ता ऐकलेल्या गाण्याचा अंतरा याने बांधलाय’ किंवा ‘बासऱ्यांची ही पिशवी दिसतेय ना, प्रत्येक पट्टीला वेगळी बासरी लागते’. एवढं पुरे. लोक पुढच्या गाण्यात त्या माणसाकडे बघतात, हे मी स्टेजवरून पाहिलंय.

बोलणं चालू असताना कहोनने धम्म मारायचा नाही. मागच्या भोकाशी माइक असतो, तो घुमारा नेमका नावावर बसतो आणि आडनाव गायब. नुसती बोटं फिरवा.

दुसरी चांगली जागा म्हणजे ट्यूनिंगची. समजा, गायकाची पट्टी काळी एक आहे, म्हणून गिटारवाला चौथ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावून ए शेपमध्ये वाजवतो. पुढच्या गाण्याला कॅपो काढला की तारा हलतात आणि परत लावाव्या लागतात. ही शांतता भरायला गायक हमखास पाणी पितो किंवा ‘कसं वाटतंय पुणे?’ विचारतो. पुण्यात हे विचारू नका, उत्तर मिळत नाही. त्या वेळात बेसवाल्याची ओळख करून द्या. बेसवाल्याला ओळखीची सगळ्यात जास्त गरज असते, कारण तो थांबेपर्यंत तो वाजत होता हे कुणाला कळत नाही.

साउंडवाल्याचंही नाव घ्या. स्पीकरमधून येऊ पाहणारी गिटारची शिट्टी त्याने अख्खी संध्याकाळ दाबून धरलेली असते.

आता निवेदक. चौघांच्या बँडला निवेदक म्हणजे स्टेजवर पाचवा माणूस, आणि सगळ्यात जास्त तोच बोलणार. नको. गायकानेच सगळ्यांची ओळख द्यायची हेही नको. एकाने दुसऱ्याची द्या, बासरीने बेसची, बेसने कहोनची, असं. गायकाची सगळ्यात शेवटी, आणि ती कहोनवाल्याने. यावर आमच्याकडे अजून एकमत नाही.

हे सगळं लोक ऐकायला बसलेत असं धरून लिहिलंय. कॅफेत वाजवत असाल आणि समोर प्लेटा-चमच्यांचा आवाज असेल तर यातलं काही चालणार नाही, एका दमात चार नावं घ्या आणि पुढचं गाणं सुरू करा. आणि बँडमध्ये एखादा खरोखर लाजरा असेल तर त्याच्यावर माइक लादू नका. विनोदही वाईट नाहीत, आमच्या बेसवाल्याला तो लोनचा विनोद आवडतो म्हणे. पण विनोद आधी आणि नाव नंतर असं केलंत तर नाव हशाखाली जातं. क्रम उलटा ठेवा.

आयोजक परिचय मागतील तो चौघांनी बसून लिहा, एकट्याला लिहायला देऊ नका. आमच्या पुढच्या कार्यक्रमाचा मी लिहिलाय आणि ग्रुपवर टाकलाय. चौघांची पूर्ण नावं, प्रत्येकाला दोन ओळी, आडनावांच्या अकारविल्हे. त्यात माझं आडनाव ‘आ’वरून आणि गायकाचं ‘व’वरून आहे याला माझा इलाज नाही.