मुलगा वडिलांची कला लपवतो तेव्हा

प्रश्न : मी कुडाळ तालुक्यातला, दशावतार या लोकनाट्यातला कलावंत आहे. तरुणपणापासून स्त्रीपार्ट, म्हणजे बाईची भूमिका करतो. मुलगा एकोणीस वर्षांचा असून पुण्यात इंजिनिअरिंग शिकतो. वसतिगृहातल्या मित्रांनी माझ्या नाटकाचा व्हिडिओ मोबाईलवर पाहून थट्टा केली, तेव्हा "हे कोण ते मला ठाऊक नाही" असे तो म्हणाला. पुतण्याने मला हे सांगितले. लहानपणी हाच मुलगा पहाटेपर्यंत नाटक बघत बसायचा. शिकला नाहीस तर माझ्यासारखा नाटकाच्या सामानाचा पेटारा वाहशील, असे सांगून मीच त्याला अभ्यासाला लावले. आता जत्रेला ये म्हटले की तो परीक्षेचे कारण देतो. वाडीतला एक मुलगा लुगडे कसे नेसायचे ते मला विचारत असतो, पण माझ्या घरात ही कला उरणार नाही. पत्नी म्हणते, विषय सोडा. यंदा गावच्या जत्रेला आलेच पाहिजे, असे मुलाला बजावू का?

उत्तर :

प्रिय बंधू, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन दुःखे एकमेकांत मिसळली आहेत. मुलाने चारचौघांत वडिलांची ओळख नाकारली, हे एक. आणि दशावतार तुमच्या घरात पुढे चालणार नाही, हे दुसरे. पहिल्याबद्दल त्याच्याशी स्पष्ट बोलण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि तुम्ही ते बोलायलाच हवे. दुसऱ्याचे ओझे मात्र एकट्या त्या मुलाच्या खांद्यावर ठेवू नये, असे मला मनापासून वाटते.

मुलाला दशावताराची लाज वाटते, असे तुम्ही धरून चालला आहात. मला तसे वाटत नाही. सिंधुदुर्गात किंवा गोव्यातल्या पेडणे भागात पुरुषाने तारामती उभी केली, तर ती पाहून बायाबापड्या पदराने डोळे पुसतात आणि त्या कलावंताला गावोगावी मान मिळतो. पुण्याच्या खोलीत त्यातले काहीही नव्हते. देवळाभोवती फिरून आलेली पालखी, नाटकाआधीच्या आड दशावतारात मालवणीत बोलून सगळ्यांना हसवणारा काळ्या वेषातला संकासुर, मग रात्रभर चढत जाणारे आख्यान, म्हणजे पुराणातल्या कथेचे नाटक, आणि पहाटेचा दहीकाला, हे सगळे वगळून लुगड्यातला एक पुरुष तेवढा अर्ध्या मिनिटासाठी त्या मुलांसमोर आला. पुरुषाने बाईचा वेष केला की हसायचे, एवढेच त्यांना ठाऊक होते, आणि तुमच्या मुलाजवळ त्यावर उत्तर नव्हते. तो चुकला, यात शंका नाही. पण तो घाबरून चुकला, तुच्छतेने नव्हे.

ते उत्तर त्याच्याजवळ का नव्हते, याचाही विचार करावा लागेल. पेटारा वाहशील ही भीती घालण्यामागचे तुमचे कारण मी समजू शकते. "रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा" असे दशावतारी कलावंताविषयी बोलले जाते, ते उगाच नाही. तुळशीच्या लग्नानंतर जत्रा सुरू झाल्या की पावसाच्या तोंडापर्यंत जागरणे, प्रवास आणि एकेका नाईटवर, म्हणजे रात्रीच्या प्रयोगावर मोजली जाणारी मिळकत हे आयुष्य मुलाच्या वाट्याला येऊ नये, असे कोणत्याही बापाला वाटेल. परंतु ज्या मुलाने लहानपणापासून या कामाचे फक्त कष्टच ऐकले, त्याने मोठेपणी त्याचा अभिमान बाळगावा, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. नव्या पिढीला आपल्या संस्कृतीचे काही वाटत नाही, अशी तक्रार मला पुष्कळ पत्रांतून वाचायला मिळते, आणि त्यांतल्या बऱ्याच घरांत ती अनास्था मोठ्यांनीच, मुलांच्या भल्यासाठी, शिकवलेली असते.

तेव्हा त्याला कष्टांइतकेच कौशल्यही सांगा. तुमच्या नाटकाला लिखित संहिता नसते. आख्यान कोणते आणि कोणी काय करायचे, हे ठरल्यावर तुम्ही स्वतःच्या हाताने रंग लावता, लुगडे नेसता आणि रंगमंचावर जाऊन समोरच्या राजापार्टाच्या प्रत्येक वाक्याला जागच्या जागी उत्तर देता. तेही घरी मालवणी बोलणारा माणूस पल्लेदार ग्रंथिक मराठीत, पेटी-पखवाजाचे भान ठेवून, कित्येक तास. पुराणातली कथा, तिचे नीतिशास्त्र आणि प्रतिपक्षाचा डाव हे सारे डोक्यात तयार असल्याशिवाय हे होत नाही. तुमचा मुलगा बुद्धीचे काम शिकतो आहे. वडीलही बुद्धीचेच काम करतात, हे त्याला आजवर कोणी सांगितले आहे का? दूरच्या महाभारतापासून सुरुवात करू नका. कुठल्या रात्री समोरच्याने अनपेक्षित प्रश्न टाकला आणि तुम्ही तो कसा परतवला, ते सांगा.

जत्रेला येण्याची सक्ती करू नका. हुकूम म्हणून आलेला मुलगा मागे उभा राहून मोबाईल बघेल आणि तुम्हाला रंगमंचावरून तेच दिसत राहील. वहिनी विषय सोडा म्हणतात, ते जत्रेपुरते मी मान्य करते. वसतिगृहातल्या प्रसंगापुरते नाही. तो प्रसंग मनात राहिला, तर तुमच्या साध्या चौकशीलाही टोमण्याची धार येईल.

वाडीतल्या त्या मुलाचा उल्लेख तुम्ही ओझरता केला आहे, मला मात्र पत्रातली ती सर्वांत महत्त्वाची ओळ वाटली. कला रक्तानेच पुढे जावी, असा हट्ट का? त्याच्या आईवडिलांची परवानगी घ्या आणि याच हंगामापासून त्याला सोबत बसवा. शाळा बुडवू देऊ नका. शनिवारची नाटके पुरेशी आहेत. आधी रंग कालवू दे, निऱ्या घालू दे, पाठांतराऐवजी कथा ऐकू दे. तुमच्या मुलाला डिवचण्यासाठी मात्र हे करू नका आणि दोघांची तुलना त्याच्या कानावर जाऊ देऊ नका.

वसतिगृहातल्या प्रसंगाबद्दल मुलाशी फोनवर बोलू नका. तो सुट्टीला आला की दोघेच असताना बोला. "तू मला ओळखत नाहीस म्हणालास, ते कळले आणि फार लागले," एवढे सांगून थांबा आणि त्याला बोलू द्या. पुतण्याचे नाव घेऊ नका. तो रडला किंवा चिडला, तरी त्याच बैठकीत जत्रेचा विषय काढू नका. पुढे केव्हातरी त्याने स्वतःहून जत्रेची तारीख विचारली, तर ती सांगा आणि आग्रह करू नका.