‘द अवेकनिंग’मधली एडना नवऱ्याचं घर सोडते ती फक्त प्रेमात पडल्यामुळे का?

नाही. केट शोपॅनच्या या १८९९च्या कादंबरीत एडना ज्याच्या प्रेमात पडते तो रॉबर्ट आहेच, पण खरी सुरुवात मला तिच्या पोहण्यात दिसते. उन्हाळाभर धडपडूनही न जमलेलं पोहणं एका रात्री अचानक जमतं आणि बाई एकटीच लांबवर जाते. पुढे न्यू ऑर्लीन्सच्या घरी ती लग्नाची अंगठी गालिच्यावर फेकून टाचेने चिरडू बघते. अंगठीवर साधा ओरखडाही उठत नाही. मोलकरीण ती उचलून देते आणि एडना परत बोटात घालते!

नंतर नवरा न्यूयॉर्कला असताना ती जवळच्याच ४ खोल्यांच्या घरात राहायला जाते. खर्च कसा भागणार? आईकडून आलेले थोडे पैसे, घोड्यांच्या शर्यतीत जिंकलेली रक्कम आणि नुकतीच विकली जाऊ लागलेली स्वतःची चित्रं. यात रॉबर्टचा एक पैसा नाही.